‘समाधानकारक प्रगती’ म्हणजे नेमकं काय? विशेष मुलांच्या सेवेचं मोजमाप

विशेष मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक प्रगती’ असे दोन शब्द असतात. खाली शिकवणाऱ्या ताईंची सही, पालकांची सही किंवा अंगठा. पुढच्या सहामाहीला पुन्हा तेच दोन शब्द. आईने विचारलं, “ताई, म्हणजे आता त्याला काय काय येतं?” तर फाइल उघडून दाखवावं असं त्यात काही नसतं. ताईंना सगळं ठाऊक असतं, अगदी तोंडपाठ असतं. पण त्यांची बदली झाली किंवा मानधन रखडलं म्हणून त्या काम सोडून गेल्या की मुलाचा इतिहासही त्यांच्याबरोबर जातो. नवी ताई पहिल्यापासून सुरू करते आणि मुलाचं एक वर्ष जातं. मोजमाप करायचं ते आधी हे वर्ष वाचवण्यासाठी. निधी देणाऱ्यांचा अहवाल त्यानंतर.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ निस्तरू. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात त्याला आपण बौद्धिक अक्षमता म्हणतो. आपल्याकडे ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी) म्हटलं की डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया, म्हणजे वाचन, लेखन आणि गणितातल्या अडचणी डोळ्यांसमोर येतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दोन वेगळे प्रकार आहेत. इंटरनेटवरून ब्रिटनची एखादी मोजपट्टी उतरवून घेऊन ती डिस्लेक्सियाच्या मुलाला लावण्याची चूक याच घोळातून होते. हा लेख मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबद्दल आणि त्यांच्यासाठी घरी, वस्तीत, गावातल्या केंद्रावर चालणाऱ्या कामाबद्दल आहे. अध्ययन अक्षमतेबद्दल शेवटाकडे थोडं.

बुद्ध्यांक आणि सामाजिक गुणांक यांनी सेवा मोजू नका

फाइलमध्ये हमखास सापडणारा आकडा म्हणजे आयक्यू (बुद्ध्यांक) किंवा एसक्यू (सामाजिक गुणांक). सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड मोजपट्टी आपल्याकडे डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी तयार केलेल्या रूपात वापरली जाते. त्यात पंधरा वर्षांपर्यंतचे ८९ मुद्दे आहेत. प्रमाणपत्रासाठी, मूल साधारण कुठे आहे हे कळण्यासाठी ती उपयोगी आहेच. पण वर्षभराच्या कामाचं फळ तिने मोजायला गेलात तर ती तुमच्यावर आणि मुलावर दोघांवर अन्याय करते. कसा ते हिशेबाने बघा.

सामाजिक गुणांक म्हणजे सामाजिक वय (रोजची कामं आणि वागणं साधारण कितव्या वर्षाच्या मुलासारखं आहे) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. सहा वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय तीन वर्षं असेल तर गुणांक ५०. दोन वर्षांनी मूल आठ वर्षांचं झालं आणि सामाजिक वय चार झालं, तरी गुणांक ५०च. या दोन वर्षांत ते मूल कदाचित स्वतः जेवायला लागलं असेल, चड्डी वर ओढायला शिकलं असेल, बाहेर जायचं असलं की चप्पल घेऊन येत असेल. आकड्यात त्याचा मागमूस नाही. सामाजिक वय ३.८वरच थांबलं असेल तर गुणांक ४७.५ होतो. मूल पुढे गेलं आणि कागद म्हणतो मागे गेलं. कित्येक घरांत हा कागद वाचून “एवढं करूनही उतरलंच की” असं म्हणत शिकवणं थांबवलं जातं. गुणांक हा समवयस्कांशी तुलना करतो. आपल्याला तुलना हवी आहे ती कालच्या त्याच मुलाशी.

त्यासाठी आपल्याच देशात केलेली साधनं आहेत. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम) या मोजपट्टीमध्ये १८ क्षेत्रं आणि प्रत्येकी २० मुद्दे, म्हणजे ३६० मुद्दे आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने (तेव्हाची एनआयएमएच, आताची एनआयईपीआयडी) केलेली एफएसीपी ही तपासयादी विशेष शाळांत वर्गवारीसाठी चालते. त्यात त्या पातळीचे ८० टक्के मुद्दे आले की मूल पुढच्या पातळीवर जातं. आणि रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांची १९९२ची बेसिक-एमआर ही मोजपट्टी. तिच्या भाग अमध्ये सात क्षेत्रं, प्रत्येकी ४० मुद्दे, एकूण २८०, आणि भाग बमध्ये समस्यात्मक वर्तनाचे ७५ मुद्दे. नावात ‘एमआर’ (मेंटल रिटार्डेशन) हा जुना शब्द आहे, पण आत जे आहे ते अजूनही कामाचं आहे.

बेसिक-एमआरची खरी ताकद तिच्या गुणांच्या पायरीत आहे. मूल स्वतः करतं तर ५. नुसती खूण केली की करतं तर ४. तोंडी सांगावं लागतं तर ३. हात धरून करून घ्यावं लागतं तर २. दुसऱ्यानेच सगळं करावं लागतं तर १. लागू नसेल तर शून्य. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ यांच्या मधली सगळी वाट इथे दिसते, आणि आपल्या मुलांचं सगळं शिकणं त्या मधल्या वाटेवरच तर होत असतं.

पण १४०० पैकी एकूण किती, हा आकडा मात्र कुणाला सांगू नका. एकूण गुण ४०ने वाढले म्हणजे काय झालं ते आईला कळत नाही आणि दाता म्हणतो तीन टक्केसुद्धा नाही. वर्षातून एकदा पूर्ण मोजपट्टी भरा, क्षेत्रवार बघा, त्यातून पुढच्या तीन महिन्यांसाठी तीन ध्येयं काढा, आणि मोजा ती ध्येयं. एका मुलाला तीनच. पाच-सात घेतली की घरी एकही होत नाही.

एक आंघोळ, दहा टप्पे

आंघोळ घेऊ. बहुतेक आयांच्या यादीत ती पहिल्या तिनांत असते, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उचलून मोरीत न्यायचं म्हणजे कंबर जाते.

टप्पे असे पाडता येतात: कपडे काढणे, पाणी किती गरम आहे ते हात लावून बघणे, अंगावर पाणी घेणे, हातांना साबण लावणे, छाती-पोटाला लावणे, पाठ आणि मानेला लावणे, पायांना लावणे, साबण जाईपर्यंत पाणी ओतणे, अंग पुसणे, कपडे घालणे. दहा टप्पे, प्रत्येकाला वरच्याच पायरीने १ ते ५. जास्तीत जास्त ५०, कमीत कमी १०. विसण घालून पाणी बेताचं करणं मोठ्यांकडेच राहील, ते टप्प्यांत नाही.

समजा, जूनमध्ये एका मुलाचे टप्प्याटप्प्याने गुण आले ४, २, २, २, ३, १, २, २, २, २. बेरीज २२. ऑक्टोबरमध्ये ५, ३, ४, ३, ४, १, ३, ३, ३, २. बेरीज ३१. नऊ गुण वाढले हे चांगलंच. पण बेरजेपेक्षा ओळ वाचा. अंगावर पाणी घेणं दोनावरून चारावर गेलं, म्हणजे हात धरावा लागायचा तिथे आता आईने तांब्याकडे बोट दाखवलं की पुरतं. सगळ्यात मोठी उडी ती. पाठ आणि मान एकावरच अडली आहे. खांद्याची हालचाल अपुरी असेल तर ती तिथेच राहणार. तेव्हा एकतर लांब पट्टीची, दोन्ही टोकांना हातात धरायची घासणी द्या, नाहीतर तो टप्पा यादीतून काढा. तीन महिने त्याच टप्प्यावर डोकं आपटण्यात मुलाचा उत्साह संपतो. कपडे घालणं दोनावर आहे, आणि ते बहुतेक वेळा अंग नीट पुसलं न गेल्यामुळे असतं. ओल्या अंगावर बनियन गुंडाळलं जातं, मग आईचा धीर सुटतो आणि तीच घालते. म्हणजे आधी पुसणं शिकवा. एवढं सगळं ती एक ओळ सांगते.

आता नेहमी होणारी चूक. केंद्रावर प्लास्टिकचा दांडीचा मग असतो. घरी स्टीलचा किंवा तांब्याचा तांब्या. मगाची दांडी चार बोटांत अडकते, मनगट जरासं वळवलं की पाणी पडतं. तांब्याला दांडी नाही, गळ्याला पंजाने धरावं लागतं, भरल्यावर जड होतो आणि ओल्या हातातून सटकतो. केंद्रावर ४ मिळवणारं मूल घरी २वर येतं, आणि ताई म्हणतात “घरी करून घेत नाहीत,” आई म्हणते “केंद्रात काही शिकवत नाहीत.” दोघींचंही खरं असतं आणि दोघीही चुकीचं भांडत असतात. तपासणी नेहमी घरच्या भांड्याने, घरच्या मोरीत, घरच्या वेळेला झाली पाहिजे. ज्या कौशल्याची नोंद केंद्रावर झाली त्याच्यापुढे ‘कें’ आणि घरी झाली त्याच्यापुढे ‘घ’ लिहा. अहवालात फक्त ‘घ’ मोजा. सेवा केंद्रासाठी दिलेली नाही.

आंघोळ, शौच, पाळीची काळजी अशा गोष्टींत एक पथ्य काटेकोरपणे पाळा. निरीक्षणासाठी बाहेरच्या माणसाने मोरीत जायचं नाही, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही, आईने मागितला तरी नाही. रोज अंघोळ घालणाऱ्या माणसाने खुणा करायच्या. ताईंनी पुसणं-कपडे घालणं हे टप्पे मूल अंगावर कपडे असताना, वरून दुसरा सदरा घालायला लावून बघायचे. मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याच्या लाजेचा हक्क कमी होत नाही.

ध्येयाची पाच पायऱ्यांची शिडी

प्रत्येक मुलाचं ध्येय वेगळं. मग वीस-पंचवीस मुलांचं मिळून काही सांगायचं कसं? किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८मध्ये मानसिक आरोग्य केंद्रांसाठी यावर एक उपाय मांडला, गोल अटेनमेंट स्केलिंग, म्हणजे ध्येयपूर्तीची शिडी. पाच पायऱ्या: उणे २, उणे १, शून्य, अधिक १, अधिक २. शून्य म्हणजे ठरलेल्या मुदतीत आपण जिथे पोहोचू असा प्रामाणिक अंदाज. शून्य गाठलं म्हणजे काम झालं. शून्य हा आकडा बघून पालक खट्टू होतात, तेव्हा घरच्या कागदावर आकड्यांऐवजी पायऱ्यांची चित्रं काढा आणि आकडे फाइलमध्ये ठेवा.

दुकानातून एक वस्तू आणण्याचं ध्येय, मुदत तीन महिने. शिडी अशी होऊ शकते:

उणे २: वस्तू सोबतच्या माणसालाच मागावी लागते.
उणे १ (आजची स्थिती): सोबतच्या माणसाने “साबण द्या” म्हणून दाखवलं की पाठोपाठ म्हणतो.
शून्य: दुकानदाराने “काय पाहिजे?” विचारलं की आपणहून सांगतो किंवा चित्राची चिठ्ठी पुढे करतो. सोबतचा माणूस शेजारी गप्प उभा.
अधिक १: तेच, पण सोबतचा माणूस दुकानाबाहेर.
अधिक २: तेच, पण सोबतचा माणूस घराच्या दारात.

प्रत्येक पायरीला अट एकच, लागोपाठच्या पाच फेऱ्यांपैकी चार फेऱ्यांत जमलं पाहिजे. ही अट नसेल तर एका चांगल्या दिवशी झालेली गोष्ट कायमची म्हणून नोंदली जाते.

शिडी करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, एकाच शिडीत दोन गोष्टी मिसळणं. ‘रस्ता ओलांडून जातो आणि सुट्टे पैसे मोजून आणतो’ असं लिहिलं की रस्ता जमला, पैसे नाही जमले, मग कोणत्या पायरीवर उभं करणार? वरच्या शिडीत फक्त सोबतच्या माणसाची मदत बदलते. पैशांची शिडी वेगळी. दुसरं, आजची स्थिती उणे २वर ठेवणं. तसं केलं की मूल मागे गेलं तर ते दाखवायला जागाच उरत नाही. झटके येणाऱ्या मुलांत, आजारपणानंतर, घरात मृत्यू झाल्यावर मुलं खरोखर मागे जातात. ते दिसलंच पाहिजे, म्हणून आजची स्थिती उणे १वर. तिसरं आणि सर्वांत मोठं, सोपं ध्येय लावणं. शिकवणारी ताई, ध्येय ठरवणारी ताई आणि गुण देणारी ताई एकच असेल तर शिडी हळूहळू बुटकी होत जाते. त्यात लबाडी नसते, मुलाला यश मिळावं ही मायाच असते. म्हणून ध्येय लिहून झालं की दुसऱ्या ताईने ते वाचावं आणि तीन महिन्यांनी गुण तिनेच द्यावेत.

सगळ्या शिड्यांचा मिळून एक आकडा हवा असेल तर त्याचं सूत्र आहे. तीन ध्येयं आणि तिन्हींना सारखं वजन असेल तर ते सोपं होतं: ५० अधिक, तिन्ही गुणांची बेरीज गुणिले ४.५६. सुरुवातीला तिन्ही उणे १ असतील तर आकडा ३६.३. शेवटी अधिक १, अधिक १ आणि शून्य आलं तर ५९.१. ध्येयं प्रामाणिक लावली असतील तर केंद्रातल्या सगळ्या मुलांची सरासरी ५०च्या आसपास येते. ६५ आली तर पेढे वाटण्याआधी शिड्या तपासा. ४०च्या खाली असेल तर आपण आवाक्याबाहेरचं धरलं होतं. आणि एका मुलाचं अधिक १, शून्य, उणे १ असं आलं तरी आकडा ५० येतो, छान दिसतो. पण तिसरं ध्येय जागचं हललेलं नाही. म्हणून आकड्याशेजारी तिन्ही गुण लिहायचेच.

आईचं मोजमाप

मुलाचं कौशल्य वाढलं, पण घर तसंच थकलेलं राहिलं, तर सेवा अर्धीच पोहोचली. हे विचारायलाही रीत आहे. कॅनडाच्या व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सीओपीएम या पद्धतीत घरातलीच माणसं अडचणी सांगतात, आणि प्रत्येक अडचणीला दोन गुण देतात, १ ते १० मध्ये: आता कसं जमतं, आणि त्यावर तुम्ही किती समाधानी आहात. साधारण दोन गुणांचा फरक झाला तर तो दखल घेण्याजोगा मानतात.

‘दहापैकी किती’ हा प्रश्न शाळेत न गेलेल्या आजीला परका वाटतो. दहा चिंचोके द्या. “सगळं छान जमत असेल तर दहाही वाटीत टाका, अजिबात नाही तर एकच टाका.” आजी थोडा विचार करून टाकते, मग एखादा परत काढते. तो परत काढलेला चिंचोका फार बोलका असतो, तिथे थांबून “का हो?” विचारा आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहा.

हे विचारायला शिकवणाऱ्या ताईंनी जाऊ नये. ताईंच्या तोंडावर कोण कमी देणार? चहा केलेला असतो, नातं असतं, आणि उद्या आपल्या मुलाकडे दुर्लक्ष होईल ही भीतीही असते. आशाताई किंवा दुसऱ्या वस्तीतली कार्यकर्ती चालेल. मागच्या वेळचे गुण आधी सांगू नयेत. नवे गुण देऊन झाले की मग जुने दाखवावेत आणि फरक का पडला ते बोलावं.

कधीकधी मुलाची शिडी वर जाते आणि आईचे चिंचोके कमी होतात. घाबरू नका. जूनमध्ये तिला वाटत होतं की याला काही येणारच नाही, म्हणून जेवढं जमतं त्यात ती समाधानी होती. आता तिला दिसलंय की येतं, आणि तिची मागणी वाढली आहे. अशा वेळी एक जादा प्रश्न विचारा: “आज मागे वळून बघता, जूनमध्ये किती चिंचोके टाकायला हवे होते?” उत्तर बहुतेक वेळा जूनच्या गुणांपेक्षा कमी येतं. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

यासोबत मिनिटं मोजा. आंघोळ आणि कपडे मिळून किती मिनिटं जातात, जेवण भरवायला किती, रात्री किती वेळा उठावं लागतं. आणि एक प्रश्न जो फॉर्ममध्ये क्वचितच असतो: मागच्या आठवड्यात तुम्ही मुलाला सोडून, कुणाच्या तरी भरवशावर, किती वेळ बाहेर जाऊ शकलात? बाजार, हळदीकुंकू, शेजारच्या घरचं बारसं, काहीही. हा आकडा शून्यावरून दोन तासांवर गेला तर घरात काय बदललं ते त्या बाईला विचारा.

आकडा फसवतो तो कुठे कुठे

वेळ चुकते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात मोजलं तर सगळी मुलं उतरलेली दिसतात, सुट्टीआधी मोजलं तर चढलेली. बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड कुटुंबांत दसरा-दिवाळीनंतर मूल फडावर जातं ते उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही. तिथे वर्षाची विभागणी शाळेच्या सत्रांप्रमाणे करून भागत नाही. निघण्याआधी एक नोंद, परतल्यावर तीन आठवड्यांनी दुसरी. थंडीत आंघोळीचे गुण घसरतात, पावसाळ्यात दुकानाच्या फेऱ्या बंद पडतात. तुलना शक्यतो त्याच हंगामाची त्याच हंगामाशी करा.

औषध बदलतं. फिटच्या गोळीचा डोस वाढला की दोन-तीन आठवडे मूल सुस्त असू शकतं. प्रत्येक नोंदीच्या वर एक ओळ ठेवाच: गेल्या महिन्यात फिट किती, औषधात बदल काय, आजारपण काय. ही ओळ नसल्यामुळे चुकीच्या गोष्टीला श्रेय आणि चुकीच्या माणसाला दोष जातो.

दोन माणसं वेगळं बघतात. ‘खूण’ आणि ‘तोंडी सूचना’ यांत फरक काय, हे प्रत्येकीच्या मनात वेगळं असतं. आईने “हं…” म्हटलं तर ते काय? वर्षातून दोनदा दोन ताईंनी एकाच मुलाचं एकच काम एकाच वेळी बघून, एकमेकींच्या कागदात न डोकावता गुण द्यावेत. दहापैकी आठ टप्पे जुळले तर ठीक. सहाच जुळले तर भांडू नका, व्याख्या लिहा. “हं” ही तोंडी सूचना धरायची असं ठरलं तर तसं कागदावर आलं पाहिजे.

गळती लपते. समजा, २४ मुलांची नावं नोंदली, वर्षाअखेर १७ मोजली गेली आणि त्यांतल्या १३ जणांनी ठरलेलं गाठलं. १७ पैकी १३ म्हणजे ७६ टक्के. २४ पैकी १३ म्हणजे ५४ टक्के. दोन्ही लिहा, आणि सात मुलं का सुटली ते एकेका वाक्यात लिहा. ती सात बहुतेक वेळा सगळ्यांत जास्त गरज असलेलीच असतात: ज्यांना उचलून आणावं लागतं, ज्यांची आई रोजंदारीवर जाते, ज्यांना रिक्षात बसल्यावर त्रास होतो. उरलेल्या मुलांवर आकडा काढत राहिलं की सेवा हळूहळू सोप्या मुलांकडे सरकत जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मोजमापाने होणारं हे सगळ्यांत वाईट नुकसान आहे.

थोडी मुलं असताना सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. एका मुलाने मोठी उडी मारली की सरासरी सगळ्यांनाच वर नेते. आणि काही आजारांत, जसं रेट सिंड्रोम (यात शिकलेलं हातातून निसटत जातं), आहे ते टिकवणं हेच मोठं यश असतं. अशा मुलाच्या शिडीवर शून्य म्हणजे ‘आज आहे तसंच’ असं लिहा, लाजू नका.

मग उरतो तो प्रश्न: मूल वाढतंच, आपण काही केलं नसतं तरी थोडं शिकलंच असतं. आपल्या सेवेने काय झालं? दुसरा गट बिनसेवेचा ठेवायचा, हे आपल्याकडे मनाला पटत नाही आणि करूही नये. पण एक सोपी युक्ती आहे. तिन्ही ध्येयांची नोंद पहिल्या आठवड्यापासून करा, मात्र शिकवणं एकेक करून सुरू करा. पहिलं लगेच, दुसरं पाचव्या आठवड्यापासून, तिसरं नवव्यापासून. आलेखावर प्रत्येक ध्येयाची रेघ आपापलं शिकवणं सुरू झाल्यावरच वर चढली, तर ते नुसतं वय वाढल्यामुळे नाही. तिन्ही एकदमच चढली तर दुसरं काही घडलं आहे: औषध लागू पडलं असेल, आजोबा घरी राहायला आले असतील. ते शोधा. यासाठी चौकटीचा कागद आणि पेन्सिल पुरते.

केंद्राच्या पातळीवरचे दोन-तीन आकडेही ठेवा. मुलाशी पहिली भेट झाल्यापासून पहिल्या घरभेटीपर्यंत किती दिवस गेले, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) प्रत्यक्ष हातात आलं का, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव आहे का (त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च धरला जातो), शाळेच्या पटावर नाव आहे ते आहेच, पण मागच्या महिन्यात मूल वर्गात किती दिवस बसलं. हे हक्कांचे आकडे आहेत. ते मुलाच्या शिकण्याच्या तक्त्यात मिसळू नका.

अध्ययन अक्षमता असेल तर

इथे मोजायचं ते वेगळंच. महाराष्ट्रात १९९६पासून परीक्षेत सवलती मिळत आल्या आहेत, आणि आताच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासलं जातं. पण सवलत मिळाली हा सेवेचा परिणाम नव्हे. सवलतीने गुण वाढतात, वाचन वाढलं का हे त्यातून कळत नाही. असर या गावोगावच्या शिक्षण सर्वेक्षणाच्या चाचणीतले अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे टप्पे गावाचं चित्र काढायला छान आहेत, एका मुलाची तीन महिन्यांची हालचाल टिपायला फार मोठे पडतात.

त्यापेक्षा मुलाच्या पातळीचा, आधी न वाचलेला उतारा द्या, एक मिनिट वाचू द्या, बरोबर शब्द मोजा. तीन वेगवेगळ्या उताऱ्यांतला मधला आकडा घ्या. दर पंधरवड्याला. चुका प्रकाराने लिहा: वेलांटी-उकार गेला, मात्रा गाळली, रफार चुकला, जोडाक्षर तोडून वाचलं (‘पुस्तक’चं ‘पुसतक’), पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकला. मराठीत वाचन अडतं ते बऱ्याचदा जोडाक्षरांवर, आणि बरोबर शब्दांचा आकडा तिथेच थबकलेला दिसतो. तोच उतारा पुन्हा पुन्हा देऊ नका, मुलं तो पाठ करतात. या मुलांची स्मरणशक्ती अनेकदा उत्तम असते.

कागद कुणाकडे राहणार

सगळ्या नोंदींचं मिळून एका मुलासाठी एकच पान असावं. वरच्या बाजूला तीन शिड्या, मध्ये टप्प्यांच्या ओळी, खाली चिंचोके आणि मिनिटं, कडेला औषधाची ओळ. तीन महिन्यांच्या नोंदीला एका मुलामागे घरभेट धरून दोन तास लागतात, ते ताईंच्या कामाच्या वेळातच बसवा. रात्री घरी बसून भरलेला तक्ता आठवणीतून भरलेला असतो.

त्या पानाची एक प्रत आईकडे द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा. कुटुंब दुसऱ्या गावी गेलं, नवी ताई आली, सिव्हिलच्या डॉक्टरांनी विचारलं, तर ते पान पुढे करता येईल. आणि त्यात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा, प्रत्येक ओळ, सही घेण्याआधी.